खांद्यावरची दोन बोटं

१९५९ साली, दसरा होऊन आठवडा झाला असेल. दुपारचे तीन वाजले होते आणि मी, अठरा वर्षांची मुलगी, एका परक्या पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते.

"पायाकडे बघू नको, गर्ल," हेंड्रिक्ससाहेब म्हणाले. "पाय कुठे पळून जात नाहीत. तुझेच आहेत."

"मग कुठे बघू?"

"माझ्या कानाच्या पलीकडे. सगळ्या बायका तिकडेच बघतात. आपल्या माणसाच्या मागे कोण उभी आहे, ते दिसतं."

कोपऱ्यात ग्रामोफोनजवळ बसलेल्या मॉली आंटी हसल्या. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांना दमा होता, म्हणून तर त्यांच्या जागी मी उभी होते. पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत डोरीनचे जुने बूट. डोरीन ही त्यांची एकुलती मुलगी. मुंबईला एका कचेरीत स्टेनो होती आणि जानेवारीत तिचं लग्न होतं.

आमचं सावखेडा जंक्शन म्हणजे सगळी रेल्वेची वस्ती. साहेब मेलगाडीचे ड्रायव्हर. त्यांना मोठा बंगला, आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि मध्ये मेंदीचं कुंपण. माझा थोरला भाऊ दिगंबर, आमचा दिगूदादा, साहेबांच्या इंजिनावर फायरमन होता. वडील गेले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. साहेबांनीच त्याला शेडमध्ये इंजिनं पुसायला लावून घेतलं, पुढे फायरमन केलं. आमच्या घरात चूल पेटायची ती त्या माणसामुळे, असं आई चारचौघांत सांगायची.

मी आंटींकडे टायपिंग आणि इंग्रजी शिकायला जात असे. हे नाचाचं खूळ मात्र दादानंच आणलं. मला मेळ्याला एकटी जाऊ न देणारा माझा भाऊ एक दिवस जेवता जेवता, आई पाणी आणायला उठलीय असं बघून, हळूच म्हणाला, "शरू, साहेबांना नाचाची तालीम करायचीय. डोरीनच्या लग्नात बापाला मुलीबरोबर नाचावं लागतं. त्यांच्यात पद्धत आहे. तू तिच्याच उंचीची आहेस. जाशील?"

"आईला कळलं तर?"

"कळू द्यायचं नाही. साहेब बापासारखे आहेत."

मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. साहेबांच्या दिवाणखान्यात कपाटावर चांदीचे सात पेले होते, सगळे रेल्वेच्या क्लबात, इन्स्टिट्यूटमध्ये, नाचाच्या स्पर्धेत मिळालेले. आंटी ते दर शनिवारी राखेनं घासायच्या. सात पेले मिळवलेल्या माणसाला तालीम कशाला हवी? पण अठराव्या वर्षी माणूस असले प्रश्न पडू देतो आणि तसेच पडून राहू देतो.

"वॉल्ट्झ," साहेब म्हणायचे. "बोल."

"वाल्टस."

"झ. शेवटी झ. दारू उतरल्यावर म्हणतात तसं नाही, चढताना म्हणतात तसं."

"हा जर्मन शब्द आहे," आंटी समजावायच्या. "त्याचा अर्थ गोल फिरणं, लोळणं. चाक लोळतं तसं. पूर्वी पाद्री सांगायचे, हा नाच नाचेल तो नरकात जाईल."

"आमच्या आईला कळलं तर नरकापर्यंत जायची वेळच येणार नाही," मी म्हणाले, आणि साहेब छत हालेल असे हसले.

एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पहिलं पाऊल जड, पुढची दोन हलकी. गाडी रुळांच्या सांध्यावरून जाते तेव्हाचा ठेका वेगळा, हा वेगळा. रुळांना चार लागतात, वॉल्ट्झला तीन. साहेब म्हणायचे, आयुष्यभर चारावर धावलो, म्हणून हा तीनाचा एवढा आवडतो. त्यांच्यात एक नियम होता. पुरुष नेतो, बाई जाते. बाईनं ओढायचं नाही, आधी वळायचं नाही, आधी बोलायचं नाही.

"तो चुकतोय असं दिसलं तरी?" मी विचारलं.

"तरी. चांगली जोडीदारीण कधी आधी हलत नाही. त्याला कळेल, असं धरून चालते."

फक्त एक गोष्ट ते मला वेगळी शिकवत होते. माझा डावा हात त्यांच्या खांद्यावर असे. वळताना एकदा त्यांची पाठ पुढे असायची, एकदा माझी. मला वाटेत काही दिसलं, की खांद्यावर दोन बोटं दाबायची. अडथळा उजवीकडे असेल तर एकदा, डावीकडे असेल तर दोनदा. बस, एवढंच. बघणाऱ्याला कळता कामा नये. आंटी खोलीभर खुर्च्या मांडायच्या आणि प्रत्येक खुर्चीला नाव द्यायच्या. ही डिसिल्वा नवरा-बायको, हे जाडे स्टेशनमास्तर, ह्या त्यांच्याहून जाड्या मिसेस. मी बोटं दाबायची, साहेब अलगद वळायचे, खुर्चीला कपड्याचं टोकसुद्धा लागायचं नाही. मला वाटायचं, वॉल्ट्झ असाच असतो.

"डोरीन आली की तिला हे तू शिकव," आंटी म्हणायच्या. "तिला म्हणायचं, डॅडीची नवी स्टाइल आहे."

दिवाळी सरली. थंडी पडू लागली. एके दिवशी कामाच्या बाईनं चहाची तिपाई रोजच्या जागी न ठेवता खिडकीपाशी ठेवली. तिच्यावर किटली, तीन कप. किटलीच्या तोंडातून वाफ निघत होती. रेकॉर्डचं शेवटचं कडवं लागलं होतं आणि मला पहिल्यांदाच नाच जमला होता. पायांचा विचारच येत नव्हता. त्या नादात मी बोटं दाबायची विसरले.

साहेब सरळ तिपाईवर गेले. किटली उडाली, उकळता चहा त्यांच्या पँटवर सांडला, कप फुटले.

"कोणी ठेवलं हे इथे?" ते ओरडले. "अंधारात कशाला ठेवता?"

खिडकीतून ऊन येत होतं. तिपाईवरचं पांढरं कापड डोळ्यांत खुपेल असं चमकत होतं.

मी काय केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी त्यांच्या समोर उभी राहिले, माझा उजवा हात हळूच त्यांच्या कानाशेजारी नेला आणि पाची बोटं हालवली. ते माझ्याकडेच बघत होते. निळे, स्वच्छ डोळे. पापणी हलली नाही.

"गर्ल? गप्प का झालीस?"

आंटी रेकॉर्ड उचलायला विसरल्या होत्या. सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहिली. मग त्या उठल्या, माझा वर धरलेला हात त्यांनी खाली आणला आणि म्हणाल्या, "सिरिल, तिला समजलं."

साहेब खुर्चीवर बसले. डिसिल्वा नवरा-बायकोच्या.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "नळीतून बघतो मी, गर्ल. नळीच्या तोंडाशी आहे ते अगदी साफ. तुझ्या नाकावरचा तीळ दिसतो. आजूबाजूला काही नाही. काळंही नाही, काहीच नाही."

"पण तुमचे डोळे तपासतात ना? दरवर्षी?"

"तपासतात. समोरचा तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. लबाडी नाही त्यात. लाल, हिरवा, सगळं बरोबर सांगतो. पण तक्ता हलत नाही. एका जागी असतो."

"आणि सिग्नल?"

"सिग्नल कुठे आहे ते मला ठाऊक असतं. मान तिकडे नेतो, शोधतो, सापडतो."

"आणि नाही सापडला तर?"

"तुझा भाऊ आहे," ते म्हणाले.

आंटींनी माझे दोन्ही हात धरले. "मार्चअखेर ते रिटायर होतात. चार महिने, शरयू. आत्ता कळलं, तर उद्या इंजिनवरून उतरवतील. शेडच्या दारात बसून पोरांच्या हजेऱ्या घ्याव्या लागतील. डोरीनच्या लग्नात लोक नाच बघायला येणार नाहीत, आंधळा ड्रायव्हर बघायला येतील."

मी आईची शपथ घेतली. कोणी मागितली नव्हती, मीच घेतली.

दादा ड्यूटीवरून आला तेव्हा मी मोरीजवळ उभी होते. तो घासलेट लावून हाताचा कोळसा काढत होता.

"तुला ठाऊक होतं."

त्यानं आधी आत बघितलं. आई देवाजवळ होती. "बोलू नकोस मोठ्यानं."

"दादा, त्या गाडीत माणसं असतात."

"मी पण असतो. सगळ्यांत पुढे." त्यानं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. "शरू, साहेबांना हा रस्ता पाठ आहे. कुठला पूल कधी, कुठला चढ कधी, हे त्यांना बसल्या जागी अंगाला कळतं. कपातला चहा हिंदकळू न देता गाडी उभी करणारा माणूस आहे तो. फक्त सिग्नल मी बघतो. त्यांच्या आधी मी ओरडतो, 'आउटर राइट', 'होम राइट', म्हणजे स्टेशनाबाहेरचा मोकळा, आतला मोकळा. ते हाकतात, मी बघतो. एकाचे हात, एकाचे डोळे."

"आणि तू आजारी पडलास तर?"

"मी आजारी पडत नाही," दादा म्हणाला. आणि ते खरं होतं. दोन वर्षांत त्यानं एक रजा घेतली नव्हती. आई त्यावरून त्याला टोचायची, "गाडीशीच लग्न लाव एकदाचं." मला तेव्हा कुठे त्याचा अर्थ लागला.

आता माझ्याविषयी. त्या वर्षी मला दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही वेळा दादा मेलवर होता. आई दाराआड बसून बोलायची, कारण विधवेनं समोर यायची रीत नव्हती. पहिले लोक चहा पिऊन गेले. दुसऱ्या मुलाचा मामा जाता जाता ओसरीवर मोठ्यानं म्हणाला, "घरात बोलायला पुरुष माणूस नाही, तिथे सोयरीक कोणाशी करायची? भिंतीशी?" आई त्या दिवशी जेवली नाही.

तिसरं स्थळ चाळीसगावचं. मुलगा हायस्कुलात मास्तर. डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या गाडीनं ते येणार म्हणून पत्र आलं. आईनं दादाला सांगितलं, "ह्या खेपेला तू घरी पाहिजेस. बास."

"मला ड्यूटी आहे."

"सगळ्या जगाला रजा मिळते!"

त्या आठवड्यात घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. दादा साहेबांकडे जाऊन आला. साहेबांनीही रजा घ्यावी, असं त्याचं म्हणणं. पण साहेबांना ते जमण्यासारखं नव्हतं. ड्रायव्हरला इतक्या लवकर रजा मिळे ती आजारपणाचीच, आणि तसं कळवलं की त्याला डॉक्टरसमोर उभं राहावं लागे, आणि नवा डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारून बघतो असं ऐकू येत होतं. "एका फेरीचा तर प्रश्न आहे, मॅन," साहेब दादाला म्हणाले. "दिवसाउजेडी जायचं, दिवसाउजेडी यायचं. तू तुझ्या बहिणीचं बघ."

शनिवार उजाडला तरी काही ठरलं नव्हतं. दिवेलागणीला दादा बाहेर पायरीवर येऊन बसला. मी तिथेच तुळशीजवळ होते. थोड्या वेळानं तो उठला, चपला घातल्या, शेडवर गेला आणि रजा लिहून देऊन आला.

रविवारी सकाळी सातला पुंडलिक नेहेते आमच्या दारात उभा. दादाच्या जागी तोच जाणार होता. एकवीस-बावीस वर्षांचा, गेल्या वैशाखात लग्न झालेला, हसला की वरच्या हिरड्या दिसायच्या. डोक्याला नवाकोरा लाल रुमाल.

"दादा, तुझा चष्मा दे की. कोळसा उडतो. मेलवर पहिल्यांदाच चाललोय, डोळे धड पाहिजेत." आणि मला, "ताई, आज पेढे वाटणार म्हणे! दोन ठेवा. एक माझा, एक आमच्या घरातलीचा. तिनं आज पहाटे चारला उठून भाकऱ्या केल्या. म्हणते, साहेबालाही द्या एक. मी म्हटलं, बाई, साहेब भाकरी खाईल का? ठेचा खाल्ला तर गाडी मुंबईलाच थांबेल!"

दादानं चष्मा आणून दिला. तो सोडेना. पुंडलिकनं धरलेला, दादानंही धरलेला.

"सिग्नल मोठ्यानं बोल," दादा म्हणाला.

"बोलतो की."

"साहेबाच्या आधी बोल."

पुंडलिक हसला. "आधी? साहेबाच्या आधी कोण बोलतं? ते बोलले की आपण बोलायचं, शेडमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात. माझी पहिली फेरी आहे, दादा. उतरवून देतील मला मधल्याच स्टेशनात."

दादानं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मी शपथ घेतली होती, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं साहेबांना काय कबूल केलं होतं, ते मला ठाऊक होतं. त्यानं चष्मा सोडला.

"जा," तो म्हणाला. "नीट जा."

चाळीसगावचे लोक आले. मुलगा, त्याचे वडील, एक काका. दादा कोट घालून त्यांच्याशी बोलत होता, पावसापाण्याचं, कापसाचं. मुलगा माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. मला तो आवडला. मी पोहे दिले, चहा दिला. काकांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" दादा म्हणाला, "येतो. टायपिंग पण येतं." मुलानं पहिल्यांदा मान वर केली.

तेवढ्यात शेडचा भोंगा झाला.

रेल्वेच्या वस्तीत भोंगा झाला की सगळे हातातलं काम थांबवून मोजतात. लहान मुलंसुद्धा मोजतात. एक म्हणजे पाळी बदलली. दोन म्हणजे यार्डात काहीतरी घसरलं. एक झाला. दोन झाले. तिसरा झाला तेव्हा दादानं कप खाली ठेवला. चौथा भोंगा लांबलचक, संपेचना. चार म्हणजे बाहेर, मेन लाइनवर, माणसांसकट.

दादा कोटासकट धावत सुटला. पाहुण्यांना काही कळेना. आई दाराआडून म्हणाली, "तुम्ही चहा घ्या. थंड होईल."

नाल्याच्या वळणावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. वळण उजवीकडे जातं आणि आउटरचा सिग्नल बागेच्या कडेनं एकदम पुढे येतो. त्याचा हात खाली पडलेला नव्हता, म्हणजे थांबायचं होतं. पुढे एक मालगाडी उभी होती. मेल तशीच गेली आणि मालगाडीच्या शेवटच्या डब्यावर आदळली. मालगाडीच्या गार्डनं उडी टाकली, त्याचा पाय गेला. टेंडरात, इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, कोळसा ओढणारा दुसरा पोऱ्या केळीत फेकला गेला आणि वाचला. साहेबांच्या दोन फासळ्या मोडल्या. पुंडलिक टेंडर आणि बॉयलरच्या मध्ये सापडला.

तो संध्याकाळपर्यंत जिवंत होता. दादा त्याच्याजवळ होता. मला दादानं हे एकदाच सांगितलं, पुन्हा कधीच नाही. पुंडलिक म्हणाला होता, "दादा, मला सिग्नल दिसला होता. लांबून दिसला होता. मला वाटलं, साहेब बघतायत. ते कसे शेवटी हळूच थांबवतात ते बघायचं होतं मला. वाटलं, आता थांबवतील. आता थांबवतील."

चौकशी झाली. तीन साहेब मुंबईहून आले. दादाला विचारलं, त्यानं सांगितलं, "मी रजेवर होतो." हेंड्रिक्ससाहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला डुलकी लागली." तेहतीस वर्षांच्या नोकरीत ज्याला इंजिनावर कोणी जांभई देताना बघितलं नव्हतं, तो माणूस म्हणाला डुलकी लागली. डोळ्यांचं सांगितलं असतं तर दोन वर्षं ते झाकणारा फायरमन कोण, हा पुढचा प्रश्न आला असता. त्यांनी तो येऊ दिला नाही. त्यांना कामावरून काढलं. बंगला महिन्याभरात रिकामा करा, असा कागद आला.

निघायच्या आदल्या दुपारी मी कुंपणातून गेले. दिवाणखान्यात काहीच उरलं नव्हतं. खुर्च्या विकल्या होत्या, ग्रामोफोन विकला होता. पेले एका पोत्यात बांधून दाराशी ठेवले होते. आंटी आत ट्रंका भरत होत्या. साहेब मधोमध उभे होते, एक हात फासळ्यांवर धरून.

"कोण? मॉली?"

"मी शरयू."

"गर्ल." त्यांनी मान माझ्याकडे वळवली, शोधली, सापडले मी. "तुझं ठरलं म्हणे. दिगूनं सांगितलं. चांगला मुलगा आहे?"

"हो."

"गुड. नवऱ्याला नाचता येतं?"

"मास्तर आहेत."

"मग नाहीच येत." ते थोडं हसले. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. मी चपला काढल्या, त्यांच्या समोर उभी राहिले, खांद्यावर हात ठेवला. ते तोंडानं मोजायला लागले, अगदी हळू. एक-दोन-तीन. आम्ही खोलीभर फिरलो, भिंतीपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. फासळ्या दुखत असणार, पण पहिलं पाऊल जडच पडत होतं आणि पुढची दोन हलकी. माझी दोन बोटं त्यांच्या खांद्यावर तयार होती. दाबायची वेळ आली नाही. खोलीत आपटायला आता काहीच नव्हतं.

मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. तेवढ्यासाठीच मी गेले होते. ते थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "यू डान्स वेल," आणि मी न सांगताच परत आले.

डोरीनचं लग्न मुंबईला झालं, दहा माणसांत, नाचाशिवाय. पुढे ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. साहेब आणि आंटी नागपूरला आंटींच्या बहिणीकडे राहिले. दोन वर्षांत साहेबांचं दिसणं पुरतं गेलं. पासष्ट साली ते वारले. आंटींनी मला एक पेला पाठवला, १९३८ सालचा. मग त्या डोरीनकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या.

दिगूदादा पुढे स्वतः ड्रायव्हर झाला. त्याच्या हाताखालचे फायरमन म्हणायचे, हा माणूस वेडा आहे, प्रत्येक सिग्नलला आपल्याला आधी ओरडायला लावतो, नाही ओरडलं तर गाडी उभी करतो. त्यानं लग्न केलं नाही. दर भाऊबीजेला येई, ओवाळून घेई, आणि त्या रविवारचा विषय आम्ही दोघंही काढत नसू. तो गेला त्यालाही आता अठरा वर्षं झाली.

माझं त्या मास्तरांशीच लग्न झालं. भला माणूस. एकावन्न वर्षं आम्ही सुखानं संसार केला. मुलं झाली, नातवंडं झाली. गेल्या वर्षी पुण्याला नातीच्या लग्नात मांडवात वॉल्ट्झ लावला होता. आता सगळेच करतात. नातजावई हौसेनं म्हणाला, "आजी, चला." मी म्हटलं, गुडघे दुखतात.

जे साहेबांना सांगायचं राहिलं, ते इथे सांगते. त्या शनिवारी दिवेलागणीला दादा पायरीवर येऊन बसला तेव्हा तो गप्प बसला नव्हता. त्यानं मला विचारलं होतं, "शरू, आईचं राहू दे. तू सांग. तुला सगळं ठाऊक आहे. तू म्हणालीस जा, तर मी उद्या जातो. स्थळं काय, पुन्हा येतील." मला भिंतीशी सोयरीक म्हणणारा मामा आठवला. मला वाटलं, एका दिवसानं काय होतं. मी तुळशीला पाणी घालत होते. वर न बघता मी म्हणाले, "नको जाऊस."

पुंडलिकच्या बायकोला, सिंधूला, रेल्वेनं स्टेशनवर पाणी देण्याच्या कामाला लावलं. मी दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन माहेरी जायची. गाडी थांबली की ती कळशी घेऊन खिडकीशी हजर. एकवीस वर्षं ती त्या फलाटावर होती. "दिगूदादाची बहीण ना तुम्ही?" दर वेळी तेच विचारायची. "त्या दिवशी तुमचे पेढे होते. ते जाताना सांगून गेले होते, आपले दोन ठेवलेत म्हणून. ताई, पाणी घ्या."

मी खिडकीतून ओंजळ बाहेर काढायची. तहान असो वा नसो, ती ओतायची थांबेपर्यंत प्यायची.